खतावणीचा मुक्काम: मराठवाड्यातील ग्रामीण बँक आणि तिची कोअर बँकिंग प्रणाली

अहमदपूर तालुक्यातील शिरूर ताजबंद, किनगाव किंवा हाडोळती येथील शेतकऱ्याचे बँक खाते नेमके कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत मुळापासून बदलले आहे. पूर्वी ते शाखेच्या कपाटातील जाड खतावणीच्या एका पानावर असे. त्या पानावर अधिकाऱ्याची आद्याक्षरी पडल्याखेरीज जमा किंवा नावे पूर्ण होत नसे, आणि शाखा बंद असेल त्या दिवशी खातेही बंदच असे. आज ते पान शाखेत नाही. ते दूरच्या शहरातील माहिती केंद्रात आहे, त्याची दुसरी प्रत आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून वेगळ्या भूकंपक्षेत्रातील केंद्रात ठेवण्याची पद्धत आहे, आणि शाखेच्या पडद्यावर दिसते ती त्या पानाची त्या क्षणापुरती स्थिती. या मध्यवर्ती खतावणीला आणि तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावलीला कोअर बँकिंग प्रणाली म्हणतात. ग्राहकाची ओळख, खात्यातील शिल्लक, व्याजाचे व मुदतीचे नियम आणि बँकेची सर्वसाधारण खतावणी या चार गोष्टी ती एकत्र बांधते. एटीएम, मोबाइल बँकिंग, गावातील बँक मित्राचे हातयंत्र ही सगळी तिच्याशी बोलणारी साधने होत, खाते त्यांच्यात नसते.

भारतातील बहुतेक बँकांनी ही प्रणाली 2000 नंतरच्या दशकात उभारली, आणि आता ती स्वतःच जुनी झाली आहे. तिच्या नूतनीकरणाविषयी बोलताना चर्चा सहसा यंत्रांच्या वेगाभोवती फिरते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात मात्र हा प्रश्न प्रथम नोंदींच्या खरेपणाचा आहे, कारण येथे एका खतावणीतून दुसऱ्या खतावणीत जाताना जे चुकले, त्याची किंमत बँकेइतकीच, किंबहुना अधिक, खातेदाराने मोजली आहे.

या प्रदेशाला हिशेबांचे स्थलांतर नवे नाही. अहमदपूर तालुका 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, पुढे तो उस्मानाबाद जिल्ह्यात आणि 1982 मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आला. निजामाच्या राज्यात हाली सिक्का हे वेगळे चलन होते आणि भारतीय 100 रुपयांसाठी हाली 116 रुपये 10 आणे 8 पै, म्हणजे सातास सहा, असा विनिमयदर होता. 1941 च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे या चलनाचे व्यवस्थापन होते. हे चलन मागे घेतले गेले तेव्हा त्यातील येणी-देणी पै-पैचा हिशेब करून भारतीय रुपयांत आणावी लागली. हीच बँक 1956 मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, 1959 मध्ये भारतीय स्टेट बँकेची सहयोगी बनली आणि 1 एप्रिल 2017 रोजी तिच्यात विलीन झाली.

खेड्यातील लहान खातेदारासाठी वेगळी बँक हवी, हा विचार 1975 च्या प्रादेशिक ग्रामीण बँक अध्यादेशाने प्रत्यक्षात आला. अशा बँकेच्या भांडवलात केंद्र सरकारचा वाटा 50 टक्के, प्रायोजक बँकेचा 35 टक्के आणि राज्य सरकारचा 15 टक्के असतो. बँक ऑफ महाराष्ट्रच्या प्रायोजकत्वाखाली 1976 मध्ये मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय नांदेड येथे होते. तिचा कारभार कागदावर चाले. दिवसाचे व्यवहार रोजकीर्दीत, तेथून खतावणीत, आणि ठरावीक काळाने सर्व पानांवरील शिलकांची बेरीज सर्वसाधारण खतावणीशी जुळवणे, हा क्रम होता. बेरीज न जुळल्यास चूक सापडेपर्यंत कर्मचारी शाखेत थांबत. हाताने रोजचे व्याज काढणे अशक्य असल्याने बचत खात्यावर महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवरच व्याज मिळे, म्हणजे सोयाबीनच्या पट्टीचे पैसे 12 तारखेला जमा करणाऱ्याला त्या महिन्याचे काहीच मिळत नसे. 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर व्याज देणे बंधनकारक झाले. संगणकाने सामान्य खातेदाराला थेट पैशांत दिलेला हा लाभ अधिक ठळकपणे सांगितला जायला हवा होता.

यंत्र बँकेत आले ते वादांतून. बँक कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा पहिला करार सप्टेंबर 1983 मध्ये झाला आणि डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये यांत्रिकीकरणाची रूपरेषा आखली. सुरुवातीची लेजर पोस्टिंग यंत्रे कागदी पानाचेच काम जलद करीत. नव्वदीच्या दशकात संपूर्ण शाखा संगणकीकृत होऊ लागली, तरी प्रत्येक शाखेचा संगणक स्वतंत्र होता आणि एका शाखेचा खातेदार दुसऱ्या शाखेला अनोळखीच राही. 1998 मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने सार्वजनिक बँकांना 2001 च्या आरंभापर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणण्यास सांगितले. ग्रामीण बँका या प्रवाहात उशिरा आल्या. मराठवाडा ग्रामीण बँक 2009 मध्ये एकत्रीकरणातून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली, आणि देशातील सर्व ग्रामीण बँकांनी कोअर बँकिंगवर यावे यासाठी सप्टेंबर 2011 ही मुदत ठरली.

मुदत गाठायची असली की पहिला बळी जातो तो पडताळणीचा, आणि येथेच या विषयाचा खरा गाभा आहे. खतावणीत मराठीत लिहिलेले नाव संगणकात इंग्रजी लिपीत भरले गेले. ज्ञानोबा, व्यंकट किंवा संग्राम या नावांची स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलली. आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग, सातबाऱ्यावर मूळ मराठी नाव, आणि स्त्रीच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे तर दुसऱ्यावर सासरचे. बचत खाते व पीककर्ज वेगवेगळ्या वर्षी उघडले असेल तर एकाच माणसाला दोन ग्राहक क्रमांक मिळाले. सामाईक जमिनीवरील कर्जात कोणाचा हिस्सा किती, ही माहिती साठवायला प्रणालीत रकानाच नसेल तर ती शेऱ्यात लिहिली गेली, आणि शेरा हा यंत्राला शोधता येत नाही.

हे दोष किती खोल होते ते कर्जमाफीसाठी जून 2017 मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेने उघड केले. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, बँकांकडून प्रत्येक कर्जखात्याची माहिती 66 रकान्यांत मागवली गेली, आणि दोन्ही बाजू जुळवताना नावे, आधार क्रमांक व खाते क्रमांक यांचा मेळ बसेना. पात्र शेतकऱ्यांच्या याद्या रखडल्या, दुरुस्त झाल्या, पुन्हा तपासल्या गेल्या. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जाऐवजी बँकेच्या नोंदीवरून यादी करून शेतकऱ्याच्या अंगठ्याने आधारची खात्री करण्याचा मार्ग घेतला गेला, तो या अनुभवानंतरच. बेबाकीच्या दाखल्यासाठी बँकेचे उंबरठे झिजवणाऱ्या माणसाला अडचण प्रणालीची आहे की नोंदीची, हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

आता प्रणालीच्या वयाचा प्रश्न. पहिल्या पिढीतील कोअर प्रणाली शाखेच्या वेळापत्रकाभोवती रचलेली आहे: दिवसभर व्यवहार, रात्री दिवसअखेर. दिवसअखेर म्हणजे व्याज आकारणे, हप्ते वळते करणे, थकबाकी मोजणे आणि तारीख पुढे ढकलणे ही एकगठ्ठा कामे. तेवढा वेळ व्यवहार थांबवता येतात असे तिचे गृहीतक होते. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून अहोरात्र सुरू झाले, युपीआय तर 2016 पासून तसेच आहे, आणि चहाच्या टपरीवरील दहा रुपयांचा व्यवहारही त्याच खतावणीवर जाऊन आदळतो. म्हणून अनेक बँका शिलकेची प्रत बाहेर ठेवून रात्री व्यवहार तिच्यावर करतात आणि नंतर मूळ खतावणीशी ताळमेळ घालतात. हा उपाय चालतो, परंतु प्रत्येक ताळमेळात नव्या चुकीला वाव राहतो.

त्याहून नाजूक भाग पीककर्जाचा आहे. तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी, वेळेवर फेडल्यास केंद्राची तीन टक्के सूट, त्यावर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची भर, आणि दरवर्षी कर्जाचे नवे-जुने करताना बदलणारी मुदत, असे हे नियमांवर नियम आहेत. अल्पमुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकल्यावर, तर दीर्घ मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकल्यावर अनुत्पादक ठरते. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये हे वर्गीकरण व्यापारी बँकांत मानवी हस्तक्षेपाविना यंत्राने करण्याचा आदेश दिला, आणि त्या दिशेने जाणाऱ्या कोणत्याही बँकेत सोयाबीन की ऊस हा पिकाचा संकेतांक कर्जदाराची पत ठरवू लागतो. जुन्या नोंदीत तो रकाना कोरा असेल किंवा घाईत ‘इतर’ असे भरले असेल, तर नवी, वेगवान, निर्दोष आज्ञावली चुकीचा निष्कर्ष अधिक लवकर काढील.

प्रणाली बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ठरलेल्या रात्री सर्व खाती एकदम नव्या यंत्रावर नेणे. दुसरा, ठेवी, कर्जे, पैसे पाठवणे असे एकेक काम जुन्या गाभ्यातून बाहेर काढत नेणे आणि काही काळ दोन्ही खतावण्या समांतर चालवणे. पहिल्या मार्गाचा धोका ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये अनुभवला. लॉइड्स बँकेच्या यंत्रणेवरून सबादेल या तेव्हाच्या मालक बँकेच्या यंत्रणेवर जाताना सुमारे 19 लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, आणि 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. स्टेट बँक ऑफ हैदराबादचे विलीनीकरण तुलनेने सुरळीत झाले, कारण सहयोगी बँका आणि स्टेट बँक एकाच जातीची आज्ञावली वापरीत होत्या. तरीही एसबीएचवाय या अक्षरांनी सुरू होणारा शाखेचा संकेतांक बदलून एसबीआयएन झाला, आणि जुना संकेतांक लिहिलेले अर्ज, धनादेश व अनुदानाच्या याद्या बदलाव्या लागल्या.

ग्रामीण बँकेपुढील प्रसंग अधिक अवघड आहे. ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार 1 मे 2025 रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि बँक ऑफ इंडियाच्या प्रायोजकत्वाखालील विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या. छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेल्या नव्या बँकेची प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. दोन प्रायोजकांच्या छायेत वाढलेल्या या दोन खतावण्यांत कर्जप्रकारांचे संकेतांक, व्याजाचे पूर्णांकन करण्याचे नियम, ग्राहक क्रमांकांची लांबी ही सर्व बारीक मानके वेगवेगळी असणार. अशा कामात रंगीत तालमी घ्याव्या लागतात: जुन्या माहितीची प्रत नव्या यंत्रावर चढवायची, तेरीज (सर्व शिलकांची बेरीज) काढायची, पैशापर्यंत फरक शोधायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. मात्र तेरीज जुळली म्हणजे एकूण बेरीज बरोबर आली एवढेच सिद्ध होते. एकाचे पाचशे दुसऱ्याच्या खात्यावर पडले तरी तेरीज जुळतेच. ती चूक खातेदाराला ओळखणारा शाखेतील माणूसच पकडू शकतो, आणि त्याला या कामासाठी वेळ व अधिकार देणे यंत्रखरेदीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

लहान बँका स्वतःची केंद्रे न उभारता सामायिक सेवा घेतात. त्यामुळे खर्च वाचतो, पण धोकाही सामायिक होतो. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवादार कंपनीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, तेव्हा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिचा जोड तात्पुरता तोडला आणि देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक देयक व्यवहारांपासून तुटले.

यानंतरही खतावणीचा एक थर उरतो. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या मार्गाने मिळणाऱ्या पीककर्जात बँकेचा कर्जदार ही गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी असते, आणि सभासदाच्या नावावरील येणे बाकी गटसचिवाच्या दप्तरात लिहिलेली असते. केंद्राने जून 2022 मध्ये देशातील 63,000 प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि महाराष्ट्रातील सोसायट्याही तिच्यात आहेत. या सोसायट्यांत शेवटची कागदी खतावणी यंत्रात उतरत आहे. प्रत्येक सभासदाची बाकी, गट क्रमांक आणि पीक त्याला वाचून दाखवून, त्याची सही घेऊन मगच ती भरली गेली, तर पंधरा वर्षांपूर्वी शाखाशाखांत राहून गेलेले काम येथे तरी वेळेवर होईल.