शुद्ध मीठ म्हणजे कोणते?

मागच्या व्याख्यानात आपण ‘नैसर्गिक’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तो शब्द जरा स्वयंपाकघरात नेऊ.

हल्ली बऱ्याच घरांतून आयोडीनयुक्त मीठ गेले आणि सैंधव आले. का, तर ते नैसर्गिक. पण मंडळी, गलगंडही नैसर्गिकच आहे! डोंगराळ मुलखात पावसाने मातीतले आयोडीन धुऊन जाते. मग ते धान्यात, भाजीत येणार कुठून? डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनचे मीठ दिले, एका भागाला साधे. आयोडीन मिळाले तिथे गलगंड स्पष्टपणे कमी झाला.

गरज तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांची बेरीज चार ग्रॅमही भरत नाही. मात्र ते एकदम घेऊन भागत नाही, नियमित लागते. गरोदर बाईला २५०, कारण बाळाच्या मेंदूची घडण त्यावर अवलंबून असते. तिथे राहिलेली उणीव पुढे भरून निघत नाही.

समुद्राच्या खडेमिठात आयोडीन असणारच, असे आम्हालाही वाटायचे. तसे नाही, त्यात ते नगण्य उरते. मासे, दूध, अंडी यांतून थोडे मिळते. मीठ वाढवू नका (रक्तदाबवाले ऐकताय ना?), फक्त बदला. बरणीचे झाकण घट्ट ठेवा, आमटीत मीठ शेवटी घाला. थायरॉईडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सैंधव आमच्याकडेही आहे. उपवासापुरते.