शनिवारवाड्याहून निघालो ते सावित्रीबाईंच्या दारी

पुण्यात पाहुणे आले की त्यांना हिंडवायची ठिकाणे ठरलेली. आधी शनिवारवाडा, मग दगडूशेठचा गणपती, तुळशीबाग आणि शेवटी लक्ष्मी रोडवर साड्या. पाहुणे खूश, आपली पिशवी जड आणि रविवार संपला! पण मैत्रिणींनो, याच वाटेवर आपणा बायकांच्या शिक्षणाचा सारा इतिहास पडलेला आहे, आणि आपण मात्र त्याच्याकडे पाठ करून दर्शनाच्या रांगेत उभ्या असतो. एखाद्या रविवारी तो मुद्दाम पाहावा.

सुरुवात नेहमीसारखी शनिवारवाड्यापासूनच करा. पहिल्या बाजीरावाने १७३० साली याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. आता उरलेत ते भक्कम तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. सकाळच्या उन्हात तटावर चढून एक चक्कर मारली की मुलेही खूश होतात.

तिथून शिवाजी रस्त्याने पाच-दहा मिनिटांत दगडूशेठ गणपती. हात जोडा, आणि मग मागे वळा. समोरच्या बाजूला भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा पार मोडकळीला आला होता. कोर्टकचेऱ्या संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी.

सावित्रीबाई शाळेत जाताना वाटेत लोक शेण आणि चिखल फेकत. म्हणून त्या जास्तीचे लुगडे जवळ ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, अशी आठवण सांगतात. रोज दोन लुगडी धुवायची, वाळवायची आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायचे! धुण्याचा कंटाळा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्या चिकाटीची किंमतही आपल्यालाच जास्त कळेल.

गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई नगरहून आल्या होत्या. त्यांना मी हे सारे याच जागी उभी राहून सांगितले. आमचा बेत होता तुळशीबागेत जायचा. पोळपाट, स्टीलचे डबे, नातीला बांगड्या अशी त्यांची यादीही तयार होती. ऐकून त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डबे काय, नगरलाही मिळतात. त्यांचं घर कुठं आहे गं? तिकडंच चल.”

झाले! मंडईवरून पुढे, पेठेच्या गल्ल्या विचारत विचारत आम्ही फुलेवाड्यावर पोचलो. पूर्वीची ही गंज पेठ, आता महात्मा फुले पेठ. घर साधेच, कौलारू. अंगणात विहीर आहे. अस्पृश्य मानलेल्यांना पाणी मिळेना, तेव्हा जोतीरावांनी १८६८ साली ही आपल्या घरची विहीर त्यांना खुली केली. याच घरात १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय झाली. तिथेच जोतीरावांची समाधी म्हणून तुळशीवृंदावन आहे. १८९० साली ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेत हाती टिटवे धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या.

जाऊबाई वृंदावनापाशी टेकल्या. “त्यांचं लग्न केवढेपणी झालं?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “नऊ वर्षांच्या होत्या. अक्षरओळख सासरी आल्यावर. जोतीरावांनीच शिकवलं.”

“म्हणजे लग्नानंतर शिकल्या,” त्या म्हणाल्या. “माझी आठवी झाली आणि लग्न ठरलं. पुस्तकं शेजारच्या मुलीला दिली. आता साठी आली. कुणी शिकलेलं भेटलं की मी आपली स्वयंपाकघरात जाऊन बसते.”

इतकी वर्षे एका घरात सणवार केले, पण हे त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. आम्हाला वाटायचे, त्यांना माणसांत मिसळायला आवडत नाही.

घरी आल्यावर चौकशी केली. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरतात. त्याच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करते. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जाऊबाईंचा दाखला ट्रंकेत तळाशी निघाला, लग्नपत्रिकेबरोबर घडी करून ठेवलेला! यंदा त्यांनी फॉर्म भरला आहे. मराठीची चिंता नाही, बीजगणिताने जीव खाल्ला आहे. नातू शिकवतो आणि चुकले की आजीवर डोळे वटारतो, अशी त्यांची फोनवर लाडिक तक्रार असते.

तुम्ही जाल तेव्हा एवढे करा. सकाळी लवकर निघा, नंतर गर्दीत रस्ता ओलांडणे कठीण. पाण्याची बाटली आणि चालून पाय न दुखणाऱ्या चपला हव्यातच. परत येताना लक्ष्मी रोडवर हुजूरपागेची शाळा बाहेरून पाहा. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा होती तिथे. मुलींची ही शाळा १८८४ साली निघाली. सोबत मुलीला, सुनेला घ्या, आणि आठवणीने घरातल्या त्या बाईलाही, जी चारचौघांत हटकून स्वयंपाकघरात जाऊन बसते. खरेदीला पुढचा रविवार आहेच!