नाशिकला एकटे जाताना

गावाकडचा माणूस शहरात जातो तो बहुधा कुणाच्या तरी सोबतीने. भाऊ बरोबर असतो, नाहीतर शेजारचे कुणी जाणते असते. पाटी तो वाचतो, तिकीट तो काढतो, आपण त्याच्या मागून चालायचे. पण कधी तरी एकट्याने जायची वेळ येतेच. कोर्टाची तारीख पडते. आपले माणूस दवाखान्यात असते. सोबतीला कुणी मोकळे नसते. मग छातीत धडधड सुरू होते. "एवढ्या मोठ्या शहरात मी हरवलो तर?"

आम्ही म्हणतो, आता एवढे भ्यायचे कारण नाही. तुम्ही हे पान वाचता आहात ना? मग शहरातल्या पाट्याही वाचाल. ज्याला वाचता येते आणि विचारायची लाज वाटत नाही, तो शहरात एकटा असूनही चुकत नाही. आणि चुकलाच, तरी वाटेवर येतो. नाशिकचेच उदाहरण घेऊ.

घरून निघताना

एक कागद घ्या. स्वतःच्या हाताने त्यावर तीन गोष्टी लिहा. जायचे आहे तिथला पत्ता, घरचा फोन नंबर आणि नाशिकमध्ये कुणी ओळखीचे असेल तर त्याचा नंबर. "नंबर फोनमध्ये आहेत की!" असे कुणी म्हणेल. पण फोनची बॅटरी उतरते, फोन हरवतो. चिठ्ठी खिशात राहते.

सगळे पैसे एका जागी ठेवू नका. भाड्यापुरते सुटे वर ठेवा, बाकीचे आत. कामाचे मूळ कागद एका पिशवीत आणि झेरॉक्स दुसरीकडे ठेवा. आधारकार्ड जवळ असू द्या. एसटीत २०२२ सालापासून ७५ वर्षांवरच्या माणसांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली. २०२३ सालापासून बायकांना निम्मे तिकीट झाले. आपली सवलत कंडक्टरला आधी सांगावी आणि हाती आलेले तिकीट वाचून पाहावे.

गाडीची पाटी पुरती वाचा

पाटीवरचे मोठे अक्षर सगळेच वाचतात. बारीक अक्षरही वाचावे. 'पुणे – नाशिक, संगमनेर मार्गे' असे लिहिले असेल, तर ती गाडी संगमनेरवरून जाते. 'विना थांबा' असे लिहिले असेल, तर ती मधल्या गावांना थांबत नाही. वाटेत उतरणाऱ्याने त्या गाडीत बसू नये. शंका आली तर स्थानकावर 'चौकशी' लिहिलेली खिडकी असते, तिथे विचारावे. परतीची शेवटची गाडी किती वाजता आणि कोणत्या स्थानकावरून, हेही विचारून कागदावर टिपून ठेवावे.

कुठे उतरायचे?

नवखा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो. आगगाडीचे स्टेशन आहे त्याचे नाव नाशिकरोड. तिथून जुने शहर सुमारे ९ किलोमीटर लांब आहे. स्टेशनाबाहेर आलो म्हणजे रामकुंड दिसेल, असे नाही. बाहेरच शहर बसचे स्थानक आहे. 'सीबीएस' किंवा 'निमाणी' अशी पाटी पाहून बसमध्ये बसावे. सीबीएस म्हणजे शहरातले मध्यवर्ती बसस्थानक. निमाणी हे पंचवटीतले.

एसटीने गेलात तरी सावध असा. नाशिकला एसटीचे एकच स्थानक नाही. जुने सीबीएस आहे. ठक्कर बाजारला नवे सीबीएस आहे. मुंबई नाक्याजवळ महामार्ग स्थानक आहे. जिथे उतरलो तिथूनच परतीची गाडी सुटेल, असे धरून चालू नये.

नावांनीही गोंधळ होतो. मुंबई नाका म्हणजे मुंबई नव्हे, त्र्यंबक नाका म्हणजे त्र्यंबक नव्हे. मालेगाव स्टँड हा तर पंचवटीतला चौक आहे! कुणी म्हणाले, "मालेगाव स्टँडला उतरा," तर घाबरू नका. तुम्हाला कुणी मालेगावला पाठवत नाही.

दिशा कशी ओळखावी?

रानात आपण डोंगर, ओढा, झाड या खुणांवरून वाट काढतो. शहरातही तेच करावे. नाशिकची मोठी खूण म्हणजे गोदावरी. तिला तिथले लोक गंगाच म्हणतात. रामकुंडापाशी उभे राहा. पाणी वाहते आहे त्या दिशेला तोंड करा. तुमच्या डाव्या हाताला पंचवटी, उजव्या हाताला जुने नाशिक.

आता कामाची ठिकाणे लक्षात ठेवणे सोपे. जिल्हा कोर्ट आणि कलेक्टर कचेरी उजव्या हाताच्या बाजूला, सीबीएसजवळ आहेत. सिव्हिल हॉस्पिटल त्याच बाजूला, त्र्यंबक रस्त्यावर आहे. डाव्या हाताला पंचवटीत काळाराम मंदिर आणि पलीकडे दिंडोरी रस्त्याकडे मार्केट यार्ड. पूल ओलांडला की बाजू बदलली, एवढे ध्यानात ठेवावे.

नदीतच दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. कुणी भेटणार असेल तर त्याला अशी ठळक खूण सांगावी. "चहाच्या दुकानापाशी थांबतो" म्हणून चालणार नाही. चहाची दुकाने पुष्कळ! बुधवारी गंगेवर बाजार भरतो. त्या दिवशी गर्दी जास्त, तेव्हा खूण आणखी नेमकी सांगावी.

विचारावे कसे?

दुकानदाराला विचारावे, बसच्या कंडक्टरला विचारावे, पोलिसाला विचारावे. "दादा, सिव्हिल हॉस्पिटलला कुठून जायचं?" एवढेच पुरे. थोडे पुढे जाऊन दुसऱ्याला तेच विचारावे. दोघांचे उत्तर जुळले की वाट बरोबर. आपण होऊन जवळ येऊन "चला, मी नेतो" म्हणणाऱ्याच्या मागे लगेच जाऊ नये.

रिक्षात बसण्याआधी भाडे विचारावे. पण नुसते "किती?" विचारू नये. "एका सीटचे किती? की अख्ख्या रिक्षाचे किती?" असे विचारावे. रिक्षावाला सीटचे भाडे सांगतो आहे की सगळ्या रिक्षाचे, हे आधी कळले नाही तर उतरताना भांडण होते.

कचेरीत गेल्यावर आधी पाट्या वाचाव्यात. अर्ज द्यायचा तो 'आवक-जावक' लिहिलेल्या टेबलावर. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला हे उद्या कोण मानणार? "साहेब, पोच द्या," असे नम्रपणे पण ठाम सांगावे. न वाचता कुठेही सही करू नये, अंगठा तर मुळीच देऊ नये.

पैशाच्या बाबतीत तसेच. एटीएमवर आपले कार्ड परक्याच्या हाती देऊ नये. फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगू नये.

अडचण आली तर

११२ हा नंबर लावला की पोलिसांची मदत मिळते. १०८ लावला की ॲम्ब्युलन्स येते. हे दोन आकडे पाठच करा. एकट्या बाईला कुणी त्रास दिला तर तिने गप्प बसू नये. मोठ्याने बोलावे, दुकानात शिरावे, कंडक्टरला सांगावे. लाज त्रास देणाऱ्याला वाटायला हवी, तिला नव्हे.

गर्दीत विशेष जपावे. नाशिकला दर १२ वर्षांनी सिंहस्थ भरतो. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे दगावली. गर्दीत उलटे चालू नये, पडलेली वस्तू उचलायला वाकू नये. पर्वणीच्या दिवशी दवाखान्याचे किंवा कोर्टाचे काम असेल, तर फार आधी घरून निघावे.

काम झाल्यावर

काम आटोपले आणि वेळ उरला तर शहर पाहावे. काळाराम मंदिराच्या दारात क्षणभर थांबा. एके काळी दलितांना या दारातून आत जाऊ देत नसत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह सुरू केला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. तो लढा काही वर्षे चालला. दार तेव्हा उघडले नाही. पण १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता कायमची बंद केली. मंदिर असो, कचेरी असो, दवाखाना असो, तिथे जाण्याचा हक्क तुम्हालाही आहे. मान खाली घालून जायचे कारण नाही.

पांडवलेणीही पाहण्यासारखी आहेत. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबईच्या रस्त्याला डोंगरात २४ लेणी आहेत. ती जवळजवळ दोन हजार वर्षांची जुनी. भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. कुणी काय दान दिले ते त्यांत लिहिले आहे. एका लेखात नाशिकच्या लोकांनी दिलेल्या एका गावाच्या दानाची नोंद आहे. देणारी माणसे गेली, लिहिलेले राहिले.

गंगेवरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. यात्रेला आलेल्या घराण्यांची नावे त्यांत पिढ्यान् पिढ्या लिहिलेली असतात. दक्षिणा आधी ठरवा आणि आपल्या गावाचे पान काढायला सांगा. कदाचित तुमच्या आजोबांचे नाव सापडेल. ते दुसऱ्या कुणी लिहून घेतले असेल. तुमचे नाव तुम्ही स्वतः लिहा.

एवढे लक्षात ठेवा

१. पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्यावेत.
२. पाटीवरचे बारीक अक्षरही वाचावे.
३. वाट दोघांना विचारावी.
४. अर्जाची पोच घ्यावी.
५. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारावी.

सांगा पाहू

१. नाशिकरोडला उतरल्यावर सीबीएसला कसे जाल?
२. 'विना थांबा' म्हणजे काय?
३. तुमच्या गावात नवखा माणूस आला, तर त्याला कोणती खूण सांगाल?