किमतीला जागणारा फोन

भारतात दहा ते वीस-बावीस हजार रुपयांत मिळणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये पडदा, प्रोसेसर, साठवण, कॅमेरा, बॅटरी आणि बाह्य आवरण यांपैकी कशावर सढळ हाताने खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे निर्माता आधीच ठरवून टाकतो आणि त्या निर्णयाची बरीवाईट फळे ग्राहक पुढची काही वर्षे भोगत राहतो. जाहिरातीत या व्यवहाराची एकच बाजू दिसते. जिथे पैसा ओतला तेवढे आकडे ठळक अक्षरांत झळकतात, आणि जिथे काटकसर केली तो भाग तपशिलाच्या तक्त्यात तळाशी राहतो किंवा तिथेही सापडत नाही. म्हणून कमी किमतीतला चांगला फोन पारखताना काय मिळाले याच्याइतकेच काय गाळले आणि ते का गाळले, हे पाहणे आवश्यक ठरते. त्या दृष्टीने ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेला पोको एफ १ हा फोन आजही अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यातील लाभ जितके डोळ्यांत भरणारे होते तितक्याच त्यातील उणिवा बोलक्या होत्या.

शाओमी या चिनी कंपनीने पोको या नव्या नावाखाली आणलेल्या या फोनची सुरुवातीची किंमत २०,९९९ रुपये होती आणि त्यात क्वालकॉम कंपनीचा स्नॅपड्रॅगन ८४५ हा त्या वर्षीचा सर्वांत वरच्या श्रेणीतील प्रोसेसर बसवलेला होता. प्रोसेसर म्हणजे फोनमधील सगळी आकडेमोड करणारी चिप. ॲप उघडण्यापासून छायाचित्रावर प्रक्रिया करण्यापर्यंत आणि खेळातील दृश्ये पडद्यावर उमटवण्यापर्यंत बहुतेक कामे तिच्याच गतीवर अवलंबून असतात. हीच चिप असलेल्या वनप्लस ६ या फोनची भारतातील किंमत त्या वर्षी ३४,९९९ रुपयांपासून सुरू होत होती, त्यामुळे पोकोच्या किमतीने बाजारात खळबळ उडाली यात नवल नव्हते. चिप तापली की ती स्वतःचा वेग उतरवते, आणि म्हणून ती थंड ठेवण्यासाठी द्रवाच्या बाष्पीभवनावर चालणारी नळीही या फोनमध्ये दिली होती. त्या किमतीत ही सोय तेव्हा दुर्मीळ होती.

याहून महत्त्वाची, पण जाहिरातीत फारशी न गाजलेली गोष्ट म्हणजे साठवणीचा प्रकार. फोनमधील कायमस्वरूपी साठवण ढोबळमानाने दोन जातींची असते: जुनी आणि स्वस्त ईएमएमसी, आणि नंतर आलेली यूएफएस. ईएमएमसीमध्ये माहिती एका वेळी एकाच दिशेने जाऊ शकते, म्हणजे वाचन चालू असताना लेखन थांबते आणि लेखन चालू असताना वाचन ताटकळते. यूएफएसमध्ये दोन्ही क्रिया एकाच वेळी होतात आणि वेगही पुष्कळ अधिक असतो. हा फरक दुकानात नव्या कोऱ्या फोनवर जाणवत नाही. वर्षभराने साठवण तीनचतुर्थांश भरलेली असताना, व्हॉट्सॲपच्या पाच-सहा समूहांतून सकाळच्या शुभेच्छांची छायाचित्रे एकामागून एक उतरत असताना आणि त्याच क्षणी वाण्याच्या दुकानात पैसे देण्यासाठी यूपीआयचे ॲप उघडायचे असताना तो प्रकर्षाने जाणवतो. ‘फोन म्हातारा झाला’ अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते तिच्यामागे पुष्कळदा प्रोसेसरपेक्षा ही मंद आणि भरलेली साठवण असते. पोको एफ १ मध्ये यूएफएस २.१ ही साठवण होती, आणि त्याचे जुने ग्राहक त्याच्या चपळाईचे अनेक वर्षे कौतुक करत राहिले याचे श्रेय निम्मे तरी तिला द्यावे लागेल.

इतका खर्च एका ठिकाणी केल्यावर तो दुसरीकडे भरून काढणे भागच होते. काच आणि धातूऐवजी मागची बाजू पॉलिकार्बोनेटची, म्हणजे टणक प्लास्टिकची होती, आणि पडदा स्वयंप्रकाशी एमोलेडऐवजी मागून उजेड देणाऱ्या एलसीडी जातीचा होता. प्लास्टिकची पाठ ही खरे तर उणीव मानण्याचे कारण नाही, कारण फोन हातातून निसटला तर काच तडकते आणि प्लास्टिकवर फार तर ओरखडा उमटतो. कॅमेऱ्यात भिंग हलवून हाताचा कंप झेलणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे संध्याकाळच्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे महागड्या फोनच्या तुलनेत पुसट येण्याचा संभव वाढत असे. फोन टेकवून पैसे देण्यासाठी लागणारी एनएफसी ही जवळच्या अंतराची बिनतारी सोयही वगळलेली होती. भारतात क्यूआर संकेताने पैसे देण्याचा प्रघात पडल्यामुळे तिची उणीव इथे फारशी भासली नाही.

मात्र एक उणीव अशी होती की ती तपशिलाच्या तक्त्यात कुठेच दिसत नव्हती आणि फोन घरी आणल्यावरच कळत होती. चित्रपट दाखवणाऱ्या सेवा आपले चित्रपट कुलूपबंद स्वरूपात पाठवतात आणि ते कुलूप फोनमध्ये उघडले जाते. अँड्रॉइडवर हे काम वाइडवाइन नावाची गूगलची प्रणाली करते आणि तिच्या सुरक्षिततेच्या पातळ्या असतात. एल १ या पातळीवर कुलूप प्रोसेसरमधील एका बंदिस्त, बाहेरून हात न लावता येणाऱ्या कप्प्यात उघडते. एल ३ या पातळीवर ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, तिथे नक्कल करणे तुलनेने सोपे असते, आणि म्हणून नेटफ्लिक्ससारख्या सेवा एल ३ असलेल्या फोनवर स्पष्ट, उच्च दर्जाचे चित्र पाठवतच नाहीत. पोको एफ १ बाजारात आला तेव्हा त्याला एल ३ हीच पातळी होती. पडदा उत्तम प्रतीचा, प्रोसेसर त्या वर्षीचा अव्वल, तरीही चित्रपट पाहताना दृश्य धूसर, असा हा प्रकार होता. पुढे २०१९ मध्ये सॉफ्टवेअरच्या सुधारणेद्वारे एल १ देण्यात आली आणि तक्रार मिटली, परंतु एखादी त्रुटी नंतर दूर झाली म्हणून ती विक्रीच्या वेळी सांगायला नको होती असे म्हणता येत नाही. ग्राहकाने पैसे पहिल्या दिवशी पूर्ण मोजलेले असतात.

फोन इतका स्वस्त विकणे कंपनीला परवडते कसे, या प्रश्नाचे उत्तर एप्रिल २०१८ मध्येच मिळाले होते. शाओमीचे संस्थापक ले जून यांनी त्या महिन्यात वुहान येथे जाहीर केले की कंपनी आपल्या हार्डवेअर विक्रीवरील निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून, म्हणजे मोठ्या प्रमाणात जाहिरातींतून करायची, हे त्या धोरणाचे दुसरे अंग होते. अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला असल्यामुळे प्रत्येक निर्माता त्यावर आपला साज चढवू शकतो. शाओमीचा साज एमआययूआय या नावाने ओळखला जात असे आणि त्यात फाइल व्यवस्थापक, संगीत यांसारख्या कंपनीच्याच ॲपमध्ये जाहिराती येत. एखादे नवे ॲप बसवले की ते सुरक्षित असल्याचे सांगणारा पडदा उघडे आणि त्या पडद्यावरच जाहिरात असे. सेटिंगमध्ये खोलवर जाऊन ‘शिफारशी’ या नावाखालील बटणे एकेक करून बंद केली की हा उपद्रव बराच कमी होई. तरुण, सरावलेल्या माणसाला हे काम दहा मिनिटांचे आहे. परंतु ज्या आजोबांना मुलाने पुण्याहून फोन घेऊन दिला आहे आणि ज्यांचे निवृत्तिवेतन त्याच फोनमधील बँकेच्या ॲपवर दिसते, त्यांच्या दृष्टीने फोनचा खरा संदेश कोणता आणि जाहिरात कोणती, ही ओळख अतिशय अवघड असते. जाहिरातींच्या आधारे फोन स्वस्त करण्याची पद्धत पुढे अनेक कंपन्यांनी कमीअधिक प्रमाणात स्वीकारली, आणि या फोनांच्या बाबतीतला सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे असे म्हणावे लागते, कारण त्याची झळ सर्वांत कमी तयारी असलेल्या वापरकर्त्याला बसते.

यानंतरचा विचार आयुष्याचा. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगल दरवर्षी काढते, आणि २०१५ च्या ऑगस्टपासून सुरक्षेतील भगदाडे बुजवणाऱ्या सुधारणा दर महिन्याला प्रसिद्ध करते. पण त्या फोनपर्यंत पोहोचवण्याचे काम फोन बनवणाऱ्याचे असते. त्यासाठी चिप बनवणाऱ्या कंपनीचे सहकार्य लागते, दरवेळी नव्याने चाचण्या कराव्या लागतात, आणि विकून झालेल्या फोनवर हा खर्च करण्याची घाई कुणालाच नसते. पोको एफ १ अँड्रॉइड ८.१ घेऊन आला, त्याला ९ आणि १० या आवृत्त्या मिळाल्या आणि अधिकृत वाट तिथे संपली. फोनचे हार्डवेअर तेव्हाही दमदार होते, म्हणून हौशी तंत्रज्ञांनी लिनिजओएससारख्या खुल्या प्रणाली त्यावर बसवून त्याचे आयुष्य वाढवले. परंतु तो मार्ग सर्वसामान्यांसाठी नाही, कारण असा बदललेला फोन बँकांची काही ॲप असुरक्षित समजून नाकारतात.

नव्या आवृत्तीने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी त्याआधीच्या एका फोनकडे पाहावे. मोटोरोलाचा मोटो जी फेब्रुवारी २०१४ मध्ये भारतात १२,४९९ रुपयांना आला तेव्हा त्याचा कॅमेरा केवळ ५ मेगापिक्सेलचा होता आणि साठवण वाढवण्यासाठी कार्डाची खाचही नव्हती. मात्र त्याला पुढे अँड्रॉइड ५ मिळाले, आणि याच आवृत्तीत गूगलने मराठीचा समावेश प्रणालीच्या भाषांमध्ये केला. म्हणजे घेताना ज्या फोनच्या मूळ प्रणालीत मराठी मांडणी नव्हती, त्याच फोनला ती नंतर विनामूल्य मिळाली. उलट, जे फोन अँड्रॉइड ४.४ वरच राहिले त्यांच्यावरील व्हॉट्सॲप १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले.

अलीकडे या बाबतीत वारे बदलले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी ए १६ ५जी हा फोन भारतात १८,९९९ रुपयांना आणला आणि त्याला सहा नव्या आवृत्त्या व सहा वर्षे सुरक्षा सुधारणा देण्याचे जाहीर केले. पोकोचा सौदा इथे पुरता उलटा झालेला दिसतो. यातील डायमेन्सिटी ६३०० हा प्रोसेसर मध्यम ताकदीचा आहे, जड खेळांसाठी तो घेण्यात अर्थ नाही, आणि चार्जर डब्यात येत नसल्यामुळे तो वेगळा विकत घ्यावा लागतो. मागच्या तीन कॅमेऱ्यांपैकी मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे. प्रत्यक्षात अशा कॅमेऱ्यातील चार-चार शेजारी बिंदू एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र बनते, जेणेकरून कमी उजेडातही चित्र स्वच्छ यावे, आणि ही पद्धत योग्यच आहे. तिसरा, अगदी जवळची वस्तू टिपणारा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा मात्र निव्वळ संख्या वाढवण्यापुरता आहे. इतक्या उणिवा जमेस धरूनही, किमतीला सहाने भागले तर वर्षाला सुमारे ३,२०० रुपये पडतात, आणि त्या सबंध काळात बँकेचे व्यवहार सुरक्षित प्रणालीवर होत राहणार असतील तर फोन, बँक आणि निरोप एवढीच गरज असलेल्या घरासाठी हा सौदा पोकोच्या तोडीस तोड, किंबहुना सरस ठरतो.

सहा वर्षांच्या वचनाला एक अडचण आहे ती बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी दर चार्जिंगच्या फेऱ्यासरशी थोडी थोडी क्षीण होते आणि रोज चार्ज होणाऱ्या फोनमध्ये तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागणे स्वाभाविक आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे आणि फोनच्या त्या प्रतिमानाची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे आणि काही कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र मिळते, पण युरोपासारखे बंधन अद्याप नाही. जिथे फोनवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो, तिथे ग्राहकाला तेवढे संरक्षण मागण्याचा अधिकार निश्चितच आहे.

तोपर्यंत चौकशी ग्राहकालाच करावी लागेल, आणि ती फार कठीण नाही. दुकानातील नमुन्याच्या फोनवर सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा सुधारणेची तारीख पाहता येते. ती चार-पाच महिने जुनी असेल तर कंपनीचे वचन आणि वर्तन यांत अंतर आहे हे उघड होते. साठवणीपुढे यूएफएस हा शब्द लिहिला आहे का, सुधारणांची वर्षे कंपनीने लेखी दिली आहेत का आणि ती फोन बाजारात आल्यापासून मोजायची की विकत घेतल्यापासून, हेही विचारावे. कारण दीड वर्षापूर्वी बाजारात आलेला फोन सवलतीत घेतला तर त्याच्या आयुष्यातील दीड वर्ष आधीच खर्ची पडलेले असते. त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आपल्या तालुक्याच्या गावी आहे, की बॅटरी बदलण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेप घालून फोन आठवडाभर तिथे ठेवावा लागेल, याचीही चौकशी पैसे देण्यापूर्वीच झालेली बरी.