वाफेचं सफाईयंत्र घेण्याआधीचा हिशोब

दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ खातो तो स्वयंपाकघरातला चिकटा. एक्झॉस्ट फॅनची पाती, चिमणीची जाळी, गॅसमागच्या टाइल्स, ट्रॉलीच्या खाचा. वर्षभराच्या फोडण्यांचं तेल आणि त्यावर बसलेली धूळ मिळून जो थर होतो, तो साबणाला दाद देत नाही. उष्णतेने मात्र सैल पडतो. वाफेवर चालणारं सफाईयंत्र, म्हणजे स्टीम क्लीनर, एवढंच करतं: जिथे हात नीट पोचत नाही तिथे उष्णता पोचवतं. सुटलेला मळ पुसून काढायला फडकं लागतंच.

वाफच का, गरम पाणी का नको? एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात. त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४०. ही उष्णता थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात ती ओळखली आणि मोजली. वाफ गार टाइलला लागून तिचं पुन्हा पाणी होतं, तेव्हा त्या ५४० कॅलरी ती तिथेच सोडते. चिकटा सुटतो तो त्यामुळे. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, त्याचंही कारण हेच. लहान मुलं घरात असतील तर मुठीवर कुलूप असलेलंच यंत्र घ्यावं.

खरेदीचा हिशोबही इथूनच निघतो. नळाच्या एका ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला एकूण ६१५ कॅलरी. १५०० वॉटची कॉइल मिनिटाला साधारण २१,५०० कॅलरी देते. भागाकार केला की येतात ३५ ग्रॅम. म्हणजे १५०० वॉटचं यंत्र, कुठल्याही कंपनीचं असो, नळाचं पाणी घेत सलग चालताना मिनिटाला ३५ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ देऊच शकत नाही. खोक्यावर त्याहून मोठा आकडा असेल, तर तो सुरुवातीच्या झोताचा तरी असतो किंवा वाफेबरोबर उडणारं पाणी धरून काढलेला.

दुकानात मात्र पहिल्यांदा ‘बार’ सांगितला जातो. बार म्हणजे आतल्या टाकीतला दाब. ४ बारला टाकीतलं पाणी दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं, हे खरं. पण तोटीतून बाहेर पडताच दाब संपतो, वाफ हवेत मिसळते आणि थोड्याच अंतरावर १०० अंशांच्याही खाली येते. जो पांढरा ढग आपल्याला दिसतो, ते गार झालेल्या पाण्याचे थेंब असतात. म्हणून तोटी जवळ धरायची आणि हात सावकाश फिरवायचा. दाबाचा उपयोग टाइल्सच्या सांध्यांत आणि नळाच्या बुडाशी होतो. सैल झालेला मळ तो उडवून काढतो. तरी दोन यंत्रांतून एक निवडायचं झालं तर माझ्या मते आधी वॉट पाहावेत, मग बार.

वॉट पाहिले की घरातला प्लगही पाहावा. २३० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. दिव्या-पंख्याचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, तिथे हे चालवू नये. गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. जुन्या चाळींत, वाड्यांत असा प्लग घरात एखादाच असतो. तिथून ओट्यापर्यंत वायर पोचते का, हे आधी मोजावं. साधा एक्स्टेंशन बोर्ड तापतो, त्याच्या भरवशावर राहू नये.

आता प्रकार. हातात धरायच्या छोट्या यंत्रात पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे सात ते दहा मिनिटांचं काम. गॅसची शेगडी, बेसिन, खिडकीचे रूळ यांना ते पुरतं. जमिनीवर ठेवायच्या बॉयलरच्या यंत्रात एक ते दीड लिटर मावतं. तापायला सहा-आठ मिनिटं जातात, मग अर्धा तास वाफ मिळते. अडचण एकच: पाणी संपलं की झाकण लगेच उघडता येत नाही. प्रेशर कुकरसारखंच आहे हे, आतला दाब उतरेपर्यंत थांबावंच लागतं. थांबायचं नसेल तर वेगळी टाकी आणि पंप असलेलं यंत्र मिळतं, त्यात चालू असतानाही पाणी ओतता येतं. मोठ्या घराला ते बरं. नुसता स्टीम मॉप लादीसाठीच आहे. शहाबादी, मोझॅक किंवा व्हिट्रिफाइड लादीवर छान चालतो, लॅमिनेटच्या लाकडी फरशीवर अजिबात नाही, ती फुगते.

कुठे वापरू नये, हे विक्रेते क्वचितच सांगतात. पॉलिश केलेल्या सागवानी फर्निचरवर पांढरे डाग पडतात. सनमायकाच्या कडांतून वाफ शिरली की आतला प्लाय फुलतो. डिस्टेंपरच्या भिंती, चामडं, रेशीम, स्विचबोर्ड, पंख्याची मोटर यांपासून लांब राहावं. एक्झॉस्टची पाती काढूनच साफ करावीत. बाथरूममधले पांढरे क्षारांचे डागही वाफेने जात नाहीत, त्यांना आम्लच लागतं. आणि लिटरभर पाण्याची वाफ म्हणजे खोलीत लिटरभर पाणी. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात खिडक्या उघडून, पंखा लावूनच हे काम करावं, नाहीतर बुरशीला आमंत्रण.

गादीतल्या ढेकणांवर वाफ खरोखर उपयोगी पडते; ५५ अंशांच्या वर ते आणि त्यांची अंडी तग धरत नाहीत. मात्र जोराच्या झोताने ढेकूण उडून दुसरीकडे जातात. रुंद तोंडाला फडकं गुंडाळून शिवणीवरून अगदी हळू फिरवावं आणि नंतर गादीला कडक ऊन द्यावं.

यंत्राचा सगळ्यात मोठा शत्रू बोअरचं पाणी. वाफ उडून जाते, क्षार टाकीत राहतात, कॉइलवर थर बसतो आणि वाफ कमी होत जाते. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी वाचवायच्या हेतूने भरू नये. त्यात क्षार जास्त असतात. पिण्याचं आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी चालेल का, हे माहितीपुस्तिकेत पाहावं. काम झालं की यंत्र गार करून टाकी रिकामी करावी. अधूनमधून थर काढण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण वापरावं. बऱ्याचदा ते सायट्रिक अ‍ॅसिडचं, म्हणजे लिंबूसत्त्वाचं असतं.

पैसे देण्याआधी दुकानदाराला झाकणाचा रबरी वायसर सुटा मिळतो का, ते विचारावं. बॉयलरच्या यंत्रात पहिल्यांदा झिजतो तो हाच, आणि तो मिळाला नाही तर चांगलं चालणारं यंत्र माळ्यावर जातं.