शेळीची लस गाईला का लागू पडली?

औंढा नागनाथचं नाव हल्ली ज्योतिर्लिंगाखालोखाल 'लायगो'साठी घेतलं जातं. जवळच्या दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रानं २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. पण इथल्या गोठ्यांत त्याआधीच वेगळं विज्ञान पोचलं होतं, लम्पीच्या लसीच्या बाटलीतून.

लम्पी ही गुरांची विषाणूजन्य साथ भारतात २०१९ मध्ये ओडिशात आढळली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावातून महाराष्ट्रभर पसरू लागली. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. दूध आटतं, गाभण गाय गाभडते. डास, गोमाशा, गोचीड रोग वाहून नेतात. सरकारनं गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद केली, मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजारांची मदत ठरवली. ऐन रब्बीच्या तोंडावर दावणीचा लाल कंधारी बैल बसला, तर घराचं काय होतं हे हिंगोली-परभणीकडच्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा गावोगाव टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस, उत्तरकाशी वाणाच्या विषाणूपासून बनवलेली. शेळीची लस गाईला कशी चालेल, हा प्रश्न अगदी रास्त होता.

लम्पीच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची संपूर्ण जनुकीय संहिता, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे १ लाख ५१ हजार अक्षरं, १५६ जनुकं. पुढच्याच वर्षी शेळी आणि मेंढीच्या देवीचे जीनोम आले. तिन्ही जवळजवळ ९६-९७ टक्के सारखे निघाले. शेळीच्या विषाणूतली सगळी जनुकं लम्पीत आहेत. उलट लम्पीतली नऊ जनुकं शेळी-मेंढीच्या विषाणूंत मोडलेली आहेत, आणि कोणत्या जनावराला धरायचं, किती जोर करायचा याच्याशी त्यांतल्या काहींचा संबंध असावा असं दिसतं. म्हणून गाईचं शरीर शेळीच्या विषाणूवरून लम्पीला ओळखायला शिकतं, पण तो विषाणू गाईत पाय रोवत नाही. असा उसना उपाय आफ्रिकेत कितीतरी आधीपासून चालत आला होता. त्यामागचं कारण दाखवलं ते जीनोमनं.

उसनी लस शेवटी उसनीच. हिसार आणि इज्जतनगरच्या पशुसंशोधन संस्थांनी रांचीच्या जनावरातून २०१९ मध्ये मिळवलेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर पन्नासेक वेळा वाढवून कमजोर केला. मग जीनोम ताडून पाहिला, तेव्हा टोकाच्या भागातली काही अक्षरं गळालेली आढळली. १० ऑगस्ट २०२२ रोजी 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' जाहीर झाली आणि त्याच डिसेंबरात पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैव उत्पादन संस्थेशी उत्पादनाचा करार झाला.

जीनोम शक्यता सांगतो. प्रत्यक्षात कोणती प्रथिनं तयार होतात आणि विषाणूच्या अंगावर कोणती असतात, ते प्रथिनांचा संच, म्हणजे प्रोटिओम, तपासल्यावर कळतं. शरीराच्या नजरेत पहिली येतात ती अंगावरची. मेंदूज्वराच्या 'बी' जिवाणूवर अशी अंगावरची प्रथिनं जीनोमातून हेरून लस निघाली. २००० मध्ये त्याचा जीनोम वाचून इटलीत रिनो रापुओली यांच्या गटानं सुमारे ६०० प्रथिनं निवडली, त्यांतली ३५० बनवून उंदरांत तपासली आणि मोजक्याच कामाच्या प्रथिनांवर लस बेतली. तिला २०१३ मध्ये युरोपात परवाना मिळाला. जुन्या पद्धतीनं 'बी'वर सर्वत्र चालेल अशी लस होत नव्हती, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुन्हा लम्पीकडे येऊ. तिथं एक वेगळा पेच आहे. रोग होऊन गेलेल्या आणि लस टोचलेल्या, दोन्ही जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात. मग साथ कुठवर पोचली हे ओळखायचं कसं? हा भेद करता येईल अशा लसीला, 'बायोलम्पिव्हॅक्सिन'ला, फेब्रुवारी २०२५ मध्ये परवाना मिळाला.

विषाणूही जागच्या जागी राहत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या २२ नमुन्यांचे जीनोम वाचले, तेव्हा दोन निराळे प्रकार दिसले: एक २०१९च्या रांचीच्या विषाणूजवळचा, दुसरा २०१५च्या रशियातल्या साथीशी जुळणारा. त्यामुळे लस एकदा बनली की काम संपलं, असं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून नमुने जात राहिले पाहिजेत आणि निष्कर्ष त्याच डॉक्टरांकडे परत आले पाहिजेत. गाठीवरच्या वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर टिकतो. म्हणून खपली पडली की ती गोठ्यात तशीच राहू देऊ नये; डॉक्टरांना कळवावं, नमुना त्यांना घेऊ द्यावा आणि बाकीची जागा निर्जंतुक करून घ्यावी.