लमाण कोणाचा माल वाहतो?

पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशिम) हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे. २०२४ साली इथे बंजारा विरासत संग्रहालयही उघडले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देश पालथा घालणाऱ्या या समाजाचे ‘लमाण’ हे नाव डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले. नट म्हणजे लमाण, नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारा, हा त्यामागचा विचार.

विचार नम्र आहे, पण पुरता पटत नाही. कायद्याने मालवाहकावर माल हरवल्याची, खराब झाल्याची जबाबदारी टाकली. १८६५ सालापासून तसा कायदाच होता. मात्र पोत्यात मुळात काय भरले, याचा जाब त्याला सहसा कोणी विचारत नाही. नटाला ही पळवाट देता येईल काय? शिवाय खरा लमाण नुसता हमाल नव्हता. तो स्वतः माल पारखून घेई आणि विकी. रेल्वेने त्याचा धंदा बुडवला आणि १८७१ च्या कायद्याच्या आधारे त्याच्या तांड्यांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. हा इतिहास त्या नावासोबत येतो.

लागूंनीही माल पारखलाच. १९६९ साली डॉक्टरकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. १९७० साली त्यांनी ‘नटसम्राट’ उभा केला, १९९९ साली उतारवयात ‘सूर्य पाहिलेला माणूस’मधला सॉक्रेटिस. देवाला निवृत्त करा, असे जाहीरपणे लिहिणाऱ्या माणसाने सॉक्रेटिस निवडावा, हा योगायोग नव्हे.

रंगभूमी श्रेष्ठ, पडदा दुय्यम, असे नटमंडळी नेहमी सांगतात. नाटकात माल हातोहात पोहोचतो, सिनेमात तुकडे जोडणारा दुसराच असतो, हे खरे. पण व्यावसायिक नाटक पुण्या-मुंबईत जितके होते तितके मानोऱ्याच्या बाजूला कधी आले? आमच्या वस्तीपर्यंत, तांड्यापर्यंत पोहोचला तो सिनेमाच. सत्तरच्या दशकातल्या ‘सामना’त लागूंचा दारुडा मास्तर साखरसम्राटाला मारुती कांबळेचे काय झाले, असे विचारत राहतो. तो प्रश्न नाट्यगृहात अडकला असता, तर गावोगावच्या कांबळ्यांना कळलाही नसता.

तरी तिथेही माल कांबळेचा आणि वाहणारा दुसरा. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात तसे नव्हते. लिहिणारे, नाचणारे, गाणारे आणि समोर घोंगडीवर बसलेले, सगळे एकाच वस्तीतले. माल घरचाच होता.